गनमधून हवा येते, पण चिप उडत नाही: तपासणी कुठून सुरू करायची?

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या मशीन शॉपमधून मला सगळ्यात जास्त फोन एकाच तक्रारीचे येतात: "कॉम्प्रेसर चालतोय, गेजवर सात बार दिसतंय, पण गनला दम नाही." गन म्हणजे चिप, म्हणजे धातूचा कीस, हवेने उडवायची ट्रिगरवाली नळी. फोन करण्याआधी बहुतेक ठिकाणी दोन उद्योग होऊन गेलेले असतात. कॉम्प्रेसरचं सेटिंग वाढवलेलं असतं, आणि कोणीतरी गनचं टोक काढून फेकलेलं असतं किंवा त्यात ड्रिल मारून भोक मोठं केलेलं असतं. दोन्हींनी वीजबिल वाढतं आणि दम होता तिथेच राहतो. माझ्या अनुभवात दोष कॉम्प्रेसर रूममध्ये क्वचित सापडतो. तो बहुधा मशीनजवळच्या शेवटच्या दहा-पंधरा फुटांत असतो. म्हणून तपासणी गनपासून मागे जायची, कॉम्प्रेसरपासून पुढे नाही.

आधी लक्षणं नीट बघा

"हवा कमी येते" एवढ्याने काही कळत नाही. नेमकी कशी कमी येते ते बघा.

ट्रिगर दाबल्याबरोबर पहिला फटका जोरात येतो आणि एक-दोन सेकंदांत दम जातो: वाटेत अडथळा आहे. नळीत साठलेली हवा पहिल्या फटक्यात निघून जाते, मागून तेवढी पोचत नाही. सगळ्यात जास्त केस याच असतात.

पहिल्यापासूनच हवा मलूल, आणि तीही सगळ्या मशीनवर: दोष मागे आहे, म्हणजे मेन फिल्टर, ड्रायर (हवेतली ओल काढणारं यंत्र), मोठी गळती किंवा खुद्द कॉम्प्रेसर.

फक्त लाइनच्या टोकाच्या मशीनवर कमी: हेडर (शॉपभर फिरणारा हवेचा मुख्य पाइप) बारीक पडतोय, किंवा मूळ लाइन चार मशीनसाठी टाकली होती आणि आता तिच्यावर दहा मशीन आहेत.

शेजारचा ऑपरेटर हवा मारायला लागला की व्हीएमसीवर (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवर) लो एअर प्रेशरचा अलार्म येतो: दोघांची हवा एकाच बारीक ड्रॉपवरून, म्हणजे हेडरवरून मशीनकडे उतरणाऱ्या फाट्यावरून, घेतलेली आहे.

हवेबरोबर पाणी किंवा तेल येतं, धुतलेल्या जॉबवर (मशीनवर बनलेल्या भागावर) डाग पडतात: हा वेगळा दोष आहे, पण जोडीने असतोच. आणि कॉम्प्रेसर जेवणाच्या सुट्टीतही अनलोड होत नसेल, म्हणजे हवा दाबायचं थांबून नुसता फिरत नसेल, तर आधी गळतीकडे बघा, बाकी सगळं नंतर.

एक पैसा न खर्चता: हात आणि कान

पहिलं म्हणजे ऑपरेटर हवा कशी मारतो ते शेजारी उभं राहून बघा. गन एक-दीड फूट लांब धरून वरून सरळ खाली हवा मारली, तर चिप फिक्स्चरच्या (जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीच्या) कोपऱ्यात आणखी घट्ट बसते. नोझलमधून निघालेल्या झोताचा वेग पहिल्या काही सेंटिमीटरनंतर झपाट्याने पडतो, म्हणून साधारण ५ ते १० सेंटिमीटरवरून, तिरपा कोन देऊन, एका बाजूकडून दुसरीकडे सरकवत मारायची. बंद तळाच्या आट्यांच्या भोकात तर गनचं टोक भोकावर दाबून धरलं की काहीच होत नाही. भोक बुजलेलं, हवेला परतायला वाट नाही. तेच टोक भोकाच्या कडेला टेकवून जरा तिरपं केलं की एका बाजूने हवा आत जाते आणि दुसऱ्या बाजूने कुलंट (कापताना थंडाव्यासाठी मारलेलं द्रव) आणि चिप भसकन वर येते. तोंड बाजूला ठेवा, चष्मा घाला. ती चिप थेट डोळ्याच्या रेषेत येते.

दुसरं, जेवणाच्या सुट्टीत मशीन बंद असताना लाइनच्या बाजूने चालत जा. शॉप शांत असेल तर मोठी गळती कानाला ऐकू येते. संशय येईल तिथे साबणाचं पाणी लावा. सापडतात त्या जागा ठरलेल्या आहेत: क्विक कपलरच्या (नळी झटकन जोडायच्या-काढायच्या जोडाच्या) आतलं रबर, एफआरएलच्या (फिल्टर, रेग्युलेटर, लुब्रिकेटर यांच्या संचाच्या) बाऊलखालचा ड्रेन, पीयू (पॉलियुरेथेन) नळीची पुश फिटिंग, वापरात नसलेल्या मशीनचा उघडा कॉक. नळी तिरकी कापून फिटिंगमध्ये खुपसली की तिथे हमखास गळतं. ब्लेडने काटकोनात कापून परत बसवली की थांबतं.

या गळतीचा हिशेब बघितला की डोळे उघडतात. ७ बारला ३ मिलिमीटरच्या भोकातून साधारण २०-२३ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा जाते. तेवढी हवा तयार करायला चारेक किलोवॅट लागतात, आणि ते भोक रविवारी, दिवाळीतसुद्धा चालूच असतं.

ट्रिगर दाबून गेज बघा

एवढी एक तपासणी केली तरी निम्मं काम झालं. एक टी (तीन तोंडांचा जोड), एक चांगलं प्रेशर गेज, दोन बाजूंना कपलर. पाव इंची फिटिंगमध्ये हे काहीशे रुपयांत तयार होतं. ते नळी आणि गन यांच्या मधे लावा. आधी ट्रिगर न दाबता आकडा बघा, मग ट्रिगर पूर्ण दाबून पाच सेकंद धरा आणि परत बघा.

हवा वाहत नसताना लाइनमध्ये कितीही अडथळा असला तरी दाब शेवटपर्यंत सारखाच दिसतो. अडथळा कळतो तो हवा वाहायला लागल्यावर. म्हणून भिंतीवरच्या एफआरएलचं गेज ६ बार दाखवतं, मालक तेच बघून म्हणतो "प्रेशर तर आहे की", आणि गनपाशी प्रत्यक्षात ३ बारच पोचत असतात.

दाबून धरल्यावर आकडा अर्धा-एक बारने उतरला तर लाइन बरी आहे, नोझल बघा. ६ वरून ३ वर आला, तर नोझलमधून जाणारी हवा जवळपास ४० टक्क्यांनी घटली आणि झोताचा जोर त्याहून जास्त गेला. मग तेच गेज एकेक पायरी मागे न्या: नळीच्या आधी, एफआरएलच्या पुढे, एफआरएलच्या मागे, हेडरच्या ड्रॉपवर. प्रत्येक ठिकाणी गन दाबूनच आकडा घ्यायचा. ज्या दोन जागांमध्ये आकड्यात एकदम मोठा फरक दिसतो, चोर त्यांच्या मधे बसलेला असतो. न दाबताच आकडा ४-४.५ दिसत असेल तर गन आणि नळी सोडा, सरळ मागे जा.

गेज जोडताना-काढताना आधी कॉक बंद करा आणि ट्रिगर दाबून नळीतली हवा सोडा. दाबाखाली सुटलेली नळी फटके मारते.

नोझल: भोक मोठं म्हणजे जोर जास्त, हा गैरसमज

तांब्याची नळी कापून, टोक हातोडीने चेपून केलेल्या गन प्रत्येक शॉपमध्ये सापडतात. काहींना नुसतीच ६ मिलिमीटरची उघडी नळी. ७ बारला ४ मिलिमीटरचं उघडं भोक ४० सीएफएमच्या आसपास हवा ओढू बघतं. २० अश्वशक्तीचा स्क्रू कॉम्प्रेसर देतोच मुळात ८०-९० सीएफएम. अशा दोन गन एकदम दाबल्या की बाकीच्या शॉपला काय उरणार? त्यात गनची नळी बारीक असेल तर तेवढी हवा येतच नाही, दाब वाटेतच संपतो, आणि भोक मोठं असूनही चिप हलत नाही.

माझा ठोकताळा असा: नोझलचं भोक नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून मोठं नको. मग दाब शेवटपर्यंत टिकतो आणि नोझलवरच त्याचा वेग होतो, जो आपल्याला हवा असतो. चिप उडवायला दीड ते दोन मिलिमीटरचं नोझल बहुतेक जागी पुरतं. त्याहून चांगलं म्हणजे बाजूला खाचा किंवा छिद्रं असलेलं तयार नोझल. ते आजूबाजूची हवाही झोतात ओढून घेतं, त्यामुळे कॉम्प्रेसरची हवा कमी लागते आणि शिट्टीसारखा आवाजही खूप उतरतो. उघड्या नळीचा आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. शिवाय टोक चुकून अंगावर दाबलं गेलं तर बाजूच्या छिद्रांतून हवा निघून जाते. अमेरिकेत ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेचा नियम आहे की साफसफाईसाठी वापरायची हवा ३० पीएसआयच्या खाली, म्हणजे जेमतेम २ बारवर आणलेली असावी आणि चिपपासून बचावाची सोय असावी. आपल्याकडे शिफ्ट संपली की तीच गन अंगावरच्या कपड्यांवर मारतात. ते बंद करा. कातडीच्या जखमेतून हवा आत शिरली तर जीवावर बेतू शकतं.

नळी आणि कपलर

दुकानात "आठची नळी द्या" म्हटलं की मिळते ती बाहेरून ८ मिलिमीटर. आतून ती ५ किंवा साडेपाच असते. बाहेरून १० असलेली आतून साडेसहा, १२ असलेली ८. हा फरक दिसायला किरकोळ आहे, पण दाबाची घट आतल्या व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते. २ मिलिमीटरच्या नोझलला लागणारी हवा आतून ५ मिलिमीटरच्या ५ मीटर नळीतून नेली तर साधारण १ बार तिथेच जातो. आतून ८ मिलिमीटर घेतली तर तीच घट ०.१ बारच्या घरात येते. नळीच्या किमतीत फरक थोडा, रोजच्या कामात फार.

गुंडाळीची स्प्रिंग नळी दिसायला छान, टेबलवर पडत नाही, पण तिच्यात नळीची खरी लांबी दिसते त्याहून बरीच जास्त असते. लांब पोच लागत नसेल तर सरळ, आखूड नळी बरी. ऑपरेटर कुरकुरेल. त्याला हुकावर लटकवायची सोय करून द्या, मग कुरकुर थांबते.

कपलरचंही तसंच. स्वस्तातल्या कपलरच्या आतली वाट खूप बारीक असते, आणि एका नळीवर तीन-तीन कपलर जोडलेले मी नेहमी बघतो, कारण नळी तुटली की तुकडा जोडून काम भागवलेलं असतं. शक्य असेल तिथे सलग नळी टाका आणि एकच चांगला कपलर ठेवा. आत टेफ्लॉन टेपचा बोळा अडकलेला नाही ना, तेही उजेडात धरून बघा. हसू नका, बऱ्याचदा सापडतो.

एफआरएल

फिल्टरचा एलिमेंट चिकट, तपकिरी झालेला असेल तर बदला. बाऊल पारदर्शक प्लॅस्टिकचा असेल तर तो थिनर, पेट्रोल, रॉकेलने कधीही धुऊ नका. पॉलिकार्बोनेटला बारीक तडे जातात आणि दाबाखाली तो फुटतो. साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा. तडे दिसत असतील तर फेकून द्या, जोडकाम नको.

दुसरी गोष्ट आकाराची. पाव इंची एफआरएलवर तीन गन आणि एक मशीन चालवलेलं असतं. एकट्या गनला ते पुरेल, चौघांना नाही. आणि गनच्या लाइनवर लुब्रिकेटर, म्हणजे हवेत तेल सोडणारा भाग, नकोच. ते तेल सिलिंडर-व्हॉल्व्हसाठी आहे. गनमधून आलं तर ते जॉबवर आणि माणसाच्या छातीत जातं. गनची हवा लुब्रिकेटरच्या आधीच्या टीमधून घ्या.

पाणी

पावसाळ्यात या तक्रारी वाढतात, त्याला कारण आहे. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर १०० सीएफएमचा कॉम्प्रेसर सात बारला दाबून हवा ४० अंशांपर्यंत थंड करेपर्यंत तासाला तीनेक लिटर पाणी सुटतं. हे सगळं रिसीव्हरच्या (हवा साठवायच्या टाकीच्या) तळाशी, आफ्टरकूलरमध्ये (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागात) आणि लाइनमध्ये जमणार. रिसीव्हरचा ड्रेन प्रत्येक शिफ्टला उघडा. ऑटो ड्रेन असेल तरी एकदा हाताने उघडून बघा, कारण तो बंद अवस्थेत अडकतो किंवा उघड्या अवस्थेत अडकून रात्रंदिवस हवा सोडतो.

लाइनमधला दोष थोडा जास्त कामाचा. मशीनकडचा ड्रॉप हेडरच्या खालून काढलेला असेल तर हेडरमधलं सगळं पाणी थेट तुमच्या गनला येणार. तो हेडरच्या वरून काढून, वळवून खाली आणायला हवा, आणि हेडरला मीटरमागे सेंटिमीटरभर उतार देऊन शेवटी ड्रेन कॉक हवा. हे काम एका रविवारी होतं.

प्रेशर वाढवण्याआधी हा हिशेब करा

दाब १ बारने वाढवला की कॉम्प्रेसरची वीज ६-७ टक्क्यांनी वाढते. शिवाय प्रत्येक गळती आणि प्रत्येक उघडी नळी जास्त हवा ओढायला लागते, म्हणजे मागणीही वाढते. वरच्या सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर मी उलट सेटिंग अर्धा-अर्धा बार खाली आणून बघायला सांगतो, मशीनला लागणारा किमान दाब सांभाळून.

गळती एकूण किती, हे रविवारी शॉप बंद असताना मोजता येतं. सगळे वापर बंद, कॉम्प्रेसर चालू, मोबाइलवर वेळ लावायची: किती सेकंद लोडवर, किती अनलोडवर. असे पाच-सहा फेरे घ्या आणि सरासरी काढा. लोडचे सेकंद भागिले लोड-अनलोडची बेरीज, गुणिले १००. समजा ९० सेकंद लोड आणि २१० सेकंद अनलोड आलं, तर गळती ३० टक्के. ८५ सीएफएमच्या कॉम्प्रेसरला हे २५ सीएफएम, म्हणजे साडेचार किलोवॅट. दोन शिफ्ट, वर्षाला ३०० दिवस, युनिटला ९ रुपये धरले तर जवळपास दोन लाख रुपये. १० टक्क्यांच्या आत असेल तर समाधान माना. ही पद्धत लोड-अनलोडवाल्या मशीनची. मोटरचा वेग मागणीप्रमाणे बदलणाऱ्या व्हीएफडी कॉम्प्रेसरला ती तशीच लागू होत नाही.

हवा मारायचीच आहे का, हाही प्रश्न इथेच विचारावा. कन्व्हेअरवर जॉब असो-नसो सतत हवा सोडलेली असेल तर सेन्सर आणि सोलेनॉइड (विजेवर उघडणारा) व्हॉल्व्ह लावून जॉब आल्यावरच हवा सोडा. सतत वाळवायचंच काम असेल तर कमी दाबाचा ब्लोअर कितीतरी स्वस्त पडतो. टेबलवरची मोकळी चिप ब्रशने किंवा कुलंट गनने निघते. आणि फाउंड्रीत कास्टिंगवरची वाळू हवेने उडवणं तर मला अजिबात पटत नाही. ती बारीक धूळ सिलिकाची असते, छातीत बसली की निघत नाही. तिथे व्हॅक्यूमच हवा.

मागची बाजू: फिल्टर, हेडर, कॉम्प्रेसर

सगळ्या मशीनवर एकदम कमी असेल तर मेन फिल्टर आणि ड्रायरच्या आधी आणि नंतर दाब मोजा. फिल्टरवर ०.५ बारच्या वर फरक दिसला तर एलिमेंट बदला. कॉम्प्रेसर रूमपासून शेवटच्या मशीनपर्यंत एकूण घट दहा टक्क्यांत बसायला हवी. बसत नसेल आणि फिल्टर स्वच्छ असतील तर हेडर बारीक आहे. त्याची दोन टोकं जोडून रिंग केली तर बऱ्याचदा नवी मोठी लाइन टाकायची वेळ येत नाही.

कॉम्प्रेसरवर तुम्ही स्वतः एवढंच करा: सक्शन फिल्टर झटका किंवा बदला, बेल्ट असेल तर ताण बघा, तेलाची पातळी बघा, कूलरवरची धूळ काढा, रूममधली गरम हवा बाहेर जातेय का ते बघा. हे सगळं मशीन बंद करून, मेन स्विच उतरवून आणि दाब सोडून.

इथे थांबा, माणूस बोलवा

रिसीव्हरला गंज, फुगवटा, वेल्डजवळ ओल किंवा बुडबुडे दिसले तर त्याला हात लावू नका, वेल्डिंग तर मुळीच नाही. दाब उतरवा, वापर बंद करा. ते प्रेशर व्हेसल आहे, त्याची तपासणी कायद्याने मान्य सक्षम व्यक्तीकडूनच. सेफ्टी व्हॉल्व्ह उडत असेल तर तो घट्ट करणं किंवा बुच मारणं म्हणजे बॉम्ब तयार करणं.

लाइन पीव्हीसी पाइपची असेल तर गळती शोधायच्या भानगडीत न पडता ती बदलायला द्या. पीव्हीसी हवेच्या दाबाखाली तुकडे होऊन फुटतो. पाण्याच्या लाइनसारखा नुसता चिरत नाही.

स्क्रू कॉम्प्रेसर तापमानावर पुन्हा पुन्हा ट्रिप होतो, हवेत तेल भरपूर येतं, पिस्टनवाल्याच्या हेडमध्ये ठोके येतात, पॅनेलमध्ये जळका वास येतो, ड्रायर थंडच होत नाही: ही सर्व्हिस इंजिनिअरची कामं. सेपरेटर, इनटेक व्हॉल्व्ह, ड्रायरमधला गॅस, स्क्रू एलिमेंट हे शॉप फ्लोअरवर उघडायचं नाही.

फोन करताना हे आकडे हाताशी ठेवा: गनपाशी न दाबता किती आणि दाबून किती, एफआरएलच्या दोन्ही बाजूंना किती, मेन फिल्टरच्या आधी आणि नंतर किती, लोड-अनलोडचे सेकंद, डिस्चार्जचं तापमान, एकूण चाललेले तास. हे असेल तर येणारा माणूस बरोबर पार्ट घेऊनच येतो. नसेल तर पहिली व्हिजिट नुसती बघायची होते, आणि तिचेही पैसे लागतात.